बिननावाची गिटार

"पहिले आयका, मंग बोला."

हे वाक्य आमच्या शेजारचे भाऊजी दिवसातून किती वेळा म्हणायचे कोण जाणे, पण त्यातलं निम्मं तरी माझ्या वाट्याला यायचं. म्हणताना उजवा पंजा जरासा वर, डोळे अर्धे मिटलेले. मला आधी बोलायची सवय आहे. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर माझी सगळी नोकरी झाली. तिथे आपण आधी बोललो नाही तर लोक डोक्यावर बसतात. त्यामुळे भिंतीला भिंत लागून एक बोलणारी आणि एक ऐकणारा, असा आमचा शेजार छान चालला.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, नीट पाहा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे गृहस्थ मौद्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. सकाळी कोपऱ्यावर बसची वाट पाहत उभे असले की डाव्या हाताची बोटं डब्याच्या पिशवीच्या बंदावर सारखी उठायची, बसायची. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला ते कंपवाताचं लक्षण वाटलं. मी लगेच त्यांच्या बायकोला गाठून सांगितलं, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आमच्याकडे चांगले आहेत. ती हसत हसत उंबरठ्यावरच बसली.

"कंप नाही वं तो," ती म्हणाली, "गाणं आहे. पिशवीवर गिटार वाजवून राहिले ते."

तिथून आमची मैत्री झाली ती झालीच. तरुणपणी दोघंही एका ऑर्केस्ट्रात होते. गणपतीत शहरभर कार्यक्रम असायचे. ते मागे उभे राहून गिटार वाजवायचे आणि ती पुढे उभी राहून गायची. "लग्नाआधी यांनी माझी पाठच जास्त पाह्यली," असं ती सांगायची, आणि ते लाजायचे. लग्नानंतर ऑर्केस्ट्रा सुटला, पण संध्याकाळचं बसणं सुटलं नाही. बसमधून उतरले, चहा झाला की ते गिटार काढायचे आणि ती भाजी निवडता निवडता गायची. तिचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. मी कुकर बारीक करून ऐकायची, आणि माझ्यासारखी बाई कुकर बारीक करते म्हणजे काय ते समजा.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एका गिटारचं चित्र चिकटवलेलं होतं. लोक तिथे दत्ताचा नाहीतर साईबाबांचा फोटो लावतात. ते परदेशी नाव मी इथे लिहीत नाही. गिटार म्हटलं की जे नाव सगळ्यांच्या तोंडी येतं, तेच समजा. रोज शर्ट काढताना ते त्या चित्राकडे एकदा बघायचे. "एक दिवस," एवढंच म्हणायचे. त्यांची मुलगी ते 'एक दिवस' ऐकतच मोठी झाली.

हाताशी मात्र होती एक जुनी, सेकंडहँड घेतलेली गिटार. तिचेही काय लाड! एका मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, तर कूलरसमोरच्या खुर्चीवर गिटार बसवलेली आणि हे स्वतः घाम पुसत मोरीच्या दाराशी.

"तिले गरम होऊन राह्यलं असेल ना वहिनी."

आपल्याकडे पाहुण्याला कूलरसमोरची जागा द्यायची रीत, ती त्यांनी गिटारला लावली. महिनाभर ओला वारा खाऊन तिची मान अशी वाकली की बघणाऱ्याला नमस्कार करते आहे असं वाटे. तेव्हापासून ती जेमतेम वाजायची. "लाडानं पोर वाया गेलं," म्हणून ते स्वतःवरच हसले.

मग त्यांच्या बायकोच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं आणि चांगलं झालं, पण आवाजावर परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. बोलायला काही अडचण नव्हती, पण आवाज खाली उतरला. वरचे सूर गेले ते गेलेच. घरी आल्यावर काही दिवसांनी दोघं पुन्हा संध्याकाळी बसले. मी भिंतीपलीकडे होते. त्यांनी तिच्या सोयीने पट्टी खाली घेतली. ती दोन ओळी गायली आणि थांबली.

"तुमची बोटं दुसऱ्याच जागी चालून राहिली," ती म्हणाली. "माझ्यावर दया कायले करता?"

त्यानंतर ती गायली नाही. मी माझ्या परीने पुष्कळ बोलून पाहिलं. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. संध्याकाळी चहा पिऊन नुसते बसायचे, आणि बोटं खुर्चीच्या हातावर चालायची. ती दोघं अशी समोरासमोर बसलेली मला पाहवत नसे. माझ्याकडे रोज कुकरच्या शिट्ट्या पूर्ण होऊ लागल्या, आणि मला त्याचा राग यायचा.

ते निवृत्त झाले त्या दिवाळीला मुलगी बंगळूरहून आली. आल्याआल्या तिने जाहीर केलं, "बाबा, चला. 'एक दिवस' आला." सीताबर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात तिने आधीच फोन करून ठेवला होता. आईला आणि मलाही बरोबर घेतलं. दुकानदाराने ती गिटार पेटीतून काढली. हुबेहूब कपाटातलं चित्र. त्यांनी ती मांडीवर घेतली, मानेवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं, मुलीनेही पाहिलं. मग ते वाजवू लागले आणि दुकानातली इतर गिऱ्हाइकं गप्प झाली.

वाजवता वाजवता ते एका जुन्या भावगीताच्या सुरुवातीवर आले. तीच सुरुवात, जिच्यानंतर ती गायची. तो तुकडा संपला आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती काचेतून रस्त्यावरच्या पणत्यांच्या गाड्या बघू लागली. त्यांनी दोन-तीन तारा ढिल्या करून सूर खाली उतरवून पाहिले. तारा फडफडल्या. त्यांनी त्या पुन्हा होत्या तशा केल्या आणि गिटार अगदी जपून दुकानदाराच्या हातात दिली.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण मले ही नको."

पोरीचा चेहरा उतरला. बाहेर रस्त्यावर येऊन ती रडायलाच लागली. "बाबा, मी शाळेत होते तेव्हापासून ठरवलं होतं. पैशाचा विचार करता का?"

"पैशाचं नाही बेटा."

"मग काहून नको?"

"सांगतो. थोडी थांब."

सांगितलं काहीच नाही. घरी बायको चिडली, "जन्मभर त्या नावाची माळ जपली, आन् देव दारात आला तर म्हणे नको!" मीही माझी भर घातली. त्यांनी आपला पंजा वर केला.

मग कळलं की धरमपेठेत एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये एक बाई हाताने गिटार बनवते आणि हे तिच्याकडे बनवायला टाकून आले. आमच्या गल्लीत हसण्याला ऊत आला. कोणी म्हणालं, पलंगही तिच्याकडूनच करून घ्या. माझी बहीण धरमपेठेत राहते, म्हणून एका रविवारी मीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. गॅरेजभर लाकडाचा भुसा. त्या बाईने त्यांची बोटं मोजली, मनगट मोजलं, बसतात कसे ते पाहिलं.

"वहिनी," ते हरखून म्हणाले, "शिंप्यानंतर माझं माप घेणारी ही दुसरीच."

त्यांनी फोनवर तिला काहीतरी ऐकवलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा ती बाई फोन कानाशी धरून डोळे मिटून उभी होती. त्या दिवसांत मी त्यांना सकाळी देवघराच्या दाराशी फोन घेऊन उभं असलेलं पाहायची. आत त्यांची बायको पूजा करताना पुटपुटल्यासारखी आरती म्हणत असे. मला वाटे, रिटायर माणूस, मेसेज बघत असेल.

उन्हाळ्याच्या तोंडावर गिटार आली. शिवण या झाडाच्या लाकडाची, म्हणून अंगाने हलकी. रंग फिका, मान नेहमीपेक्षा लांब. आणि जिथे नाव असतं ती जागा कोरी.

"नाव कुठं आहे?" तिने विचारलं. हातात पोळीचं लाटणं. "एवढा अट्टहास केला, आन् हिले साधं नाव नाही?"

"आणि मान केवढी ही!" मी म्हणाले. "भाऊजी, तुम्ही..."

"पहिले आयका, मंग बोला."

त्यांनी तीच सुरुवात वाजवली. बोटं त्याच जुन्या जागी होती. त्यांच्या बायकोला ती जागा न् जागा पाठ होती आणि ती बोटांकडेच बघत होती. पण सूर आला तो खालचा, भरलेला, जमिनीजवळचा. पहिल्यांदा ऐकला आणि मला कळेना, हा आवाज आपल्या ओळखीचा कसा. तुकडा संपला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा सुरुवातीपासून वाजवला. दुसऱ्यांदा संपला तेव्हा ती गात होती.

आवाज पूर्वीचा नव्हता. जाडसर होता, मध्ये एकदा तुटला. पण ती शेवटपर्यंत गायली, हातात लाटणं तसंच, तव्यावरची पोळी जळून गेली. मी रडले. मला कोणी बोलू नका म्हणायची त्या दिवशी गरज पडली नाही.

नंतर ती आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, हेच जर करायचं होतं, तर त्या दुकानातल्या गिटारवर पट्टी बदलून नसतं का वाजवता आलं?

"आलं असतं ना," ते म्हणाले. "पण बोटं दुसऱ्या जागी गेली असती. तिले दिसलं असतं की मी तिच्यासाठी वळसा घालून राह्यलो. मंग ती गायली नसती." मग नव्या गिटारवर हात ठेवून म्हणाले, "या गिटारची मान लांब, म्हणून बोटं तिथंच आन् सूर खाली. ती दुकानातली गिटार लय मोठी, वहिनी. पण तिले माझ्या बायकोच्या आवाजापर्यंत खाली येता येत नाही." तो आवाज त्या धरमपेठेतल्या बाईला ऐकवायलाच ते देवघराच्या दाराशी आरती फोनवर टिपून घेत होते, हे मला तेव्हा कळलं.

ती बाहेर आली तेव्हा त्यांनी मुलीला फोन लावून तो गिटारजवळ ठेवला आणि तीच सुरुवात पुन्हा वाजवली. आईचा आवाज ऐकून पलीकडून पोरीने ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. कपाटातलं चित्र मात्र त्यांनी काढलं नाही. शर्ट काढताना अजूनही एकदा बघायचे, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

अशा किती संध्याकाळी झाल्या ते मी मोजलं नाही. पुरेशा झाल्या नाहीत, एवढं खरं. या वर्षी कूलर अजून माळ्यावरून खाली उतरले नव्हते, त्या सुमारास एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि चहाला उठले नाहीत.

तेराव्यानंतर माणसं पांगू लागली. त्यांचा एक भाचा गिटार शिकलेला. त्याने कोपऱ्यातली गिटार उचलली, तारेवर बोट मारलं आणि म्हणाला, "मामी, हिचे सूर पार खाली गेले आहेत. चढवून देतो."

इतके दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती. ती उठली.

"हात नको लावू राजा," ती म्हणाली. "ते बरोबर आहेत."

त्याच्या हातून तिने गिटार घेतली आणि मांडीवर ठेवली. तिला वाजवता येत नाही. तिने नुसता अंगठा वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवरून फिरवला. मुलगी दारात उभी होती. मी तिच्या आईच्या शेजारी बसले होते. आता तिला काहीतरी धीराचं बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं.

तिने उजवा पंजा जरासा वर केला. डोळे अर्धे मिटलेले.

"पहिले आयक वं," ती म्हणाली.

आणि त्याच सुरात तिने गाणं धरलं.