धावपट्टीवरचा पहारा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या ह्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — तर पुन्हा गप्पच बसले असते.

दुष्काळाची वर्षं होती ती. नगरमध्ये आमचा ट्रकचा धंदा, सासऱ्यांनी उभा केलेला. हे तेव्हा तिशीतले. पुण्याचे एक गृहस्थ कायमचे परदेशी चालले होते, त्यांची विलायती स्पोर्ट्‌स गाडी ह्यांनी घेतली. गडद हिरवी, दोघांपुरती, उघड्या टपाची, आणि इतकी बुटकी की आत बसताना लुगडं सावरता सावरता माझी पुरेवाट व्हायची. तेवढ्या किमतीत दोन ट्रक आले असते, असं सासरे वर्षभर ऐकवत होते.

अशी गाडी रस्त्यावर पळवायची तरी कुठं? रस्त्याला बैलगाड्या, सायकली, खड्डे. मग केडगावच्या पुढं, पुणे रस्ता सोडून आत, लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी होती, ती ह्यांनी आणि मित्रांनी शोधून काढली. रविवारी सकाळी चार-पाच जण आपापल्या गाड्या घेऊन तिथं जमायचे. सैन्यातून निवृत्त झालेले एक मेजर होते, ते सगळ्यांचे म्होरके. त्यांची शिस्त कडक. आधी सगळ्यांनी मिळून पट्टीवरचे दगड वेचायचे. प्रत्येक चाकाचे नट हातानं तपासायचे, ब्रेक दाबून बघायचा. हेल्मेटशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गाडी पट्टीवर, आणि पळवताना शेजारी कुणालाही बसवायचं नाही.

ह्यांना हे सगळं मनापासून पटायचं. मुळात सावध माणूस. पट्टीसाठी वेगळे टायर ठेवले होते, घरी येताना बदलायचे. इथं काही झालं तर विमा कामाला येणार नाही, याची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. "जेवढं मोडलं तर सोसेल, तेवढंच पळवायचं," असं म्हणायचे.

आणि मला नेमका त्याच सावधपणाचा संशय यायचा. इतका सावध माणूस असल्या खेळाच्या नादी लागतोच कसा? नक्की दुसरं काहीतरी असणार. सावध माणूस लपवतोही सावधपणेच — नाही का?

एका सोमवारी गाडीच्या सीटखाली मला केसांची पिन सापडली. साधी काळी पिन. तसल्याच पिनांचं पाकीट माझ्याही आरशापाशी होतं. पण ही माझी असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मन थेट मालतीवर गेलं. मालती म्हणजे ह्यांचे मित्र डॉक्टर, त्यांची बहीण. कॉलेजात शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि रविवारी भावाबरोबर पट्टीवर यायची. मोठ्यानं हसायची. माझ्या लेखी एवढा पुरावा पुरे होता.

मग मी वास घेऊ लागले. शर्टाचा, रुमालाचा, गाडीच्या चामड्याचा. शेजारची सीट पुढं सरकली आहे की मागं, ते बघू लागले. विचारलं मात्र कधीच नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि मला उत्तर नको होतं — मला पकडायचं होतं.

म्हणून मीच एक दिवस मेजरांना म्हणाले, "मलाही काहीतरी काम द्या की."

त्यांना आनंद झाला. "वहिनी, तुम्ही गाडीवाट सांभाळा."

पट्टीच्या एका टोकाजवळून एक गाडीवाट आडवी जायची. शेतकरी, गुरं, बैलगाड्या तिथून पलीकडं जात. पट्टीवर गाडी असली की त्यांना थांबवायचं, आणि तरीही कुणी आडवं आलंच तर लाल झेंडा वर करायचा, म्हणजे गाडीवाला थांबेल. मेजरांनी घडीची खुर्ची दिली, छत्री दिली, आणि स्वतःची दुर्बीण दिली. झेंडा मी घरी शिवला, जुन्या लुगड्याचा. सगळ्यांना वाटलं, काय ही नवऱ्याची काळजी! हेसुद्धा खुश झाले. माझं लक्ष मात्र फक्त दुर्बिणीवर होतं.

त्या रविवारी ऊन फार होतं. सकाळीच जमिनीवरून वाफ निघाल्यासारखी हवा थरथरत होती. सगळे जण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, तंबूपाशी. मी इकडं एकटी. मालती येताना दिसली होती, पण नंतर तंबूबाहेर कुठं दिसेना. मी दुर्बीण फिरवून फिरवून शोधत होते. नाहीच.

मग ह्यांची गाडी निघाली. आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी होतं.

खांदे दिसत होते. मान खाली घातल्यासारखी. हवेच्या थरथरीत ती आकृती हलत होती — मला वाटलं, हसतेय. मेजरांचा नियम मोडून, सगळ्यांच्या देखत, माझ्या देखत! मी खुर्चीतून उठलेही नाही. दुर्बीण डोळ्यांत रुतेल इतकी दाबून धरली. झेंडा खुर्चीखाली पडला होता.

पुढचं फार पटकन झालं. गाडी जवळ आली, आणि दुर्बिणीत एकाएकी बैलाची पाठ आली. मी दुर्बीण खाली घेतली तेव्हा एक माणूस बैलजोडी घेऊन पट्टीच्या मधोमध होता. ब्रेकचा आवाज झाला. ह्यांनी गाडी वळवली, पण एका बैलाला धडकून ती आडवी झाली आणि घसरत गेली.

मी धावले. हे जिवंत होते, हेल्मेट होतं म्हणून. मांडीचं हाड मोडलं होतं. आणि शेजारच्या सीटवर — वाळूचं पोतं होतं. फाटून वाळू सगळीकडं सांडलेली. एकट्या माणसानं गाडी एका बाजूला कलते, म्हणून मेजरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच वजनाला पोतं बांधायला लावलं होतं. वाळू डोळ्यांत उडू नये म्हणून ह्यांनी त्यावर आपलं जाकीट घातलं होतं, बटणं लावून. मालती तंबूतून धावत आली. ती सावलीला आत बसली होती.

त्या माणसाचं नाव भानुदास. पाथर्डीकडचा. गुरांच्या छावणीत जागा मिळते का बघायला बैल घेऊन पायी आला होता. कासरा हाताला गुंडाळलेला, त्यामुळं बैल कोसळला तसा तो फरफटला आणि त्याचा उजवा हात कोपरातून मोडला. बैल तडफडत होता. भानुदास आपल्या हाताकडं बघतच नव्हता. बैलाच्या तोंडाशी बसून एकसारखं म्हणत होता, "उठ रे राजा, उठ."

डॉक्टर ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले. मेजर माझ्याकडं वळले. "वहिनी, झेंडा?"

"दाखवला की," मी म्हणाले.

इतकं सहज आलं ते तोंडातून. आणि तिथंच थांबले असते तरी — पण नाही थांबले. मेजर भानुदासकडं बघत होते, आणि मी म्हणाले, "मी त्याला थांबवत होते. त्यानं ऐकलं नाही. मला वाटतं, त्यानं मुद्दामच घातले बैल."

मुद्दाम. म्हणजे मरायला टेकलेले बैल गाडीखाली घालून भरपाई मागायला. असं मी म्हटलं नाही; म्हणायची गरजच नव्हती. संशय कसा पेरायचा, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं तेव्हा? मेजरांच्या चेहऱ्यावर तो उगवताना मी पाहिला. संध्याकाळी फौजदारांसमोरही मी तेच सांगितलं. शिकलेली, बऱ्या घरची बाई. त्यांनी उलट प्रश्न केला नाही. मोडक्या हाताला फडकं बांधलेल्या भानुदासला चौकीवर बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आमच्या दारात आली. कुठून पत्ता काढला, कुणास ठाऊक. आत ये म्हटलं, आली नाही. पायरीखाली उभी राहिली.

"बाई, आमच्या मालकांनी मुद्दाम न्हाई केलं. पोटच्या पोरावानी हुते बैल. त्ये म्हंत्यात, मी बाईंना इचारलं हुतं. बाई जा म्हनल्या म्हून ग्येलो. तुमी खरं काय त्ये सांगा. आमाला दुसरं काय बी नगं."

तुम्ही थांबला असाल इथं. मीही थांबले होते. कारण तो खरं सांगत होता.

त्यानं विचारलं होतं. मी दुर्बीण लावून बसलेली असताना मागून बैलांच्या घंटा ऐकू आल्या, आणि मग आवाज आला — "बाई, जाऊ का?" आणि मी मागं न बघता, एक हात झटकून, कटकट जावी म्हणून म्हणाले, "जा, जा." गाडी येतेय हे माझ्याइतकं स्पष्ट कुणाला दिसत होतं? तिच्यावरून तर माझी नजर हलत नव्हती. मग जा कशी म्हणाले? ऐकलंच नाही का नीट? की ऐकलं होतं — आणि ती गाडी कशालातरी अडावी, असं त्या क्षणी वाटलं होतं? नाही, असं मी स्वतःला सांगते. पण इतक्या घाईनं सांगते, की माझा मलाच संशय येतो.

त्या बाईला मी म्हणाले, "मी झेंडा दाखवला होता. तुझा नवरा खोटं बोलतोय."

ती भांडली नाही. रडलीही नाही. पदर डोक्यावर ओढून निघून गेली. 

भानुदासला सोडवलं ह्यांनीच. दवाखान्यात पडल्या पडल्या फौजदारांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मला झेंडा दिसला नाही. वेगही जास्त होता. त्या माणसाचा काही दोष नाही, चूक माझी." बैलाचं काय ते भरूनही दिलं. पण छावणीवर तोवर बोभाटा झाला होता — स्वतःचा बैल मारून पैसे काढणारा. त्याला तिथं कुणी उभं केलं नाही. हाताचं हाड वाकडंच सांधलं. दरवर्षी नवरा-बायको ऊसतोडीला जायची, तेही त्याचं संपलं. उजव्या हातात कोयता धरवेना.

ह्यांनी गाडी विकली. त्यानंतर कुठलीही गाडी कधी वेगानं चालवली नाही, ट्रकच्या धंद्यात मुकाट रमले. अजून आहेत. काठी घेऊन चालतात.

आणि माझा संशय? तो संपला असेल असं वाटलं का तुम्हाला? त्यानं फक्त जागा बदलली. "मला झेंडा दिसला नाही," असं हे म्हणाले. "झेंडा वर होता" असं कधी म्हणाले नाहीत. ते माझ्याच दिशेनं येत होते. खुर्चीत बसलेली मी, डोळ्यांना दुर्बीण, हात झटकणारी — दिसली असेल का त्यांना? माझ्यासाठी खोटं बोलले का? इतक्या वर्षांत त्या सकाळीबद्दल त्यांनी मला एकही प्रश्न विचारलेला नाही. जेवताना, पेपर वाचताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं चोरून बघते. अजून बघते. विचारायची छाती झालेली नाही.

भानुदास मला पुढं एकदाच भेटला. बरीच वर्षं झाली होती मधे. एका लग्नाहून परतताना पाथर्डीच्या स्टँडवर मी जीपमध्ये बसले होते. डाव्या हातात पिशवी घेतलेला एक माणूस येऊन खिडकीशी उभा राहिला. उजवा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. मी ओळखलं. त्यानंही.

"बाई," तो म्हणाला, "साहेब बरे हायेत ना आता? चालत्यात का?"

आवाजात राग नव्हता. टोमणा असेल म्हणून मी शोधला, तोही नव्हता. जीपमध्ये माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. ड्रायव्हर चहाला गेला होता. वेळ होता.

"बरे आहेत," मी म्हणाले.

"मग झालं," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

त्याच्या हाताचं मी विचारलं नाही. बायकोचं विचारलं नाही. ड्रायव्हर येऊन जीप सुटेपर्यंत मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसले.