आये

दुपारी कँटीनमध्ये हाँगकाँगहून आलेली मेई तिच्या कँटनीज भाषेतली नाती सांगत होती. "कागदावर वडिलांना 'फू-चन' लिहायचं, पण घरात हाक मारायची 'लोउ-ताउ'." सगळं टेबल विरघळलं. "किती गोड!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. "हां आये, जेवतेय," मी म्हटलं, तशी शेजारची मृणाल खुदकन हसली. "आये? अगं, इंजिनिअर ना तू! निदान आई तरी म्हण."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. परक्या मुलखातली घरची हाक गोड, आणि माझ्या घरची तेवढी गावंढळ? आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले, ती आयेनं मागून ढकललं म्हणून. फॉर्मवर मी 'आई' लिहिते, पुढेही लिहीन. पण तापात ग्लानीतून ओठांवर येतो तो शब्द कॉलेजनं दिलेला नसतो. मग तो काढून घेणारी ही कोण?

फोनमधला आवाज एकदम बारीक झाला. "कोण हसलं गं? मधीच फोन केला का म्या?"

मी मृणालकडे बघत, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हटलं, "न्हाई आये, बोल तू. हसणाऱ्यांचं जेवान झालंय, उठतील आता."