कोंडवाड्यातलं वाचनालय

आमच्या गावचं वाचनालय कोंडवाड्यात भरतं म्हणलं की पाहुणे हसतात. हसू द्या. मोकाट गुरं कोंडायची ती खोली पुस्तकांसाठी मिळवताना काय काय झालं ते आमचं आम्हाला ठाऊक.

गंगाखेडच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. मी तेव्हा ग्रामपंचायतीत एकुलती एक बाई मेंबर. शाळेत कधी गेले नाही. थोरल्या लेकीच्या पाटीवरनं अक्षरं शिकले, आणि एकदा वाचता यायला लागल्यावर मला त्याची भूकच लागली. पण गावात पुस्तकं म्हणजे शाळेच्या एका वर्गात ठेवलेलं, तालुक्याहून आलेलं कपाट, तेवढंच. शाळेला जागा पुरेना. हेडमास्तर म्हणले, "गुढीपाडव्यापर्यंत कपाट हलवा, नाहीतर तालुक्याला परत धाडतो." पंचायतीकडं मोकळी खोली एकच, कोंडवाड्याची. भिंती धड, पण वर नुसतं आभाळ. पत्रे टाकायला पैसा पाहिजे होता. कपाट गेलं असतं तर माझं वाचणंच गेलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर ग्रामसभा भरली. विषय दोन. एक वाचनालयाची वर्गणी, दुसरा डोंगराचा वणवा. पाणलोटाच्या कामात डोंगरावर चर खणले होते, रोपं लावली होती, खाली नाल्याला बांध घातला होता. विहिरींना पाणी चढलं होतं. पण चराईबंदीनं गवत कमरेएवढं वाढलं, आणि दर उन्हाळ्यात ते कुणीतरी पेटवून द्यायचं.

सरपंचांनी आधी वर्गणीचं काढलं. "बोला, कोण किती देतंय?"

सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. मागून एकजण म्हणला, "आजवर गुरं कोंडली, आता माणसं कोंडायलाव का?" झालं, विषय हसण्यात बुडाला.

मग पाणलोटाचे साहेब उठले. "वणवा कोण लावतं ते सांगा."

तेवढ्यात आमच्या गावचे म्हातारे धनगर बाबा काठी टेकत उभे राहिले. "मी लावतो. माझा बाप बी लावायचा. वाळलेलं जाळलं की पावसाळ्यात कोवळं लय फुटतं. मेंढरं काय कुसळं खातेत का?"

साहेब लालबुंद झाले. "अहो बाबा, रोपं जळतात! उघडी माती वाहून बांधात येते!"

"मग कापून न्या की सायेब. मला काय जाळायची हौस हाय?"

मी पदर सावरला आणि उठले. "भाऊजी, बाबा बरोबर बोलायलेत. गवत कापू, विकू, त्याचेच पत्रे टाकू. जळायला काही उरायचंच न्हाई."

सरपंच नात्यानं माझे दीर. म्हणले, "वहिनी, हे घरीच का न्हाई सांगितलं?"

"घरी तुमी ऐकता व्हय?"

सभा खदखदून हसली आणि ठराव झाला. डोंगराची राखण बाबांकडंच दिली. आग कुठून लागते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

दिवाळी झाल्यावर घरटी एक माणूस कापणीला आलं. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरनं गावात बोलणं जरा तुटकच झालं होतं. पण विळा हातात घेऊन भीमनगरातल्या आणि वरच्या गल्लीतल्या बाया एका ओळीत बसल्या, की गप्पांना काय तोटा? मधे मधे बैलगाडी जाईल एवढे पट्टे साफ केले, म्हणजे आग लागलीच तर तिथं थांबावी. पेंढ्या बांधून कोंडवाड्यामागं भली मोठी गंजी रचली. शहाणी माणसं म्हणली, आत्ता चारा स्वस्त हाय, होळी झाली की भाव चढंल, तेव्हा लिलाव करू. मीही मान डोलावली.

होळीच्या दिवशी सकाळी मी पाट्यावर पुरण वाटत होते. सासूबाई म्हणल्या, "गोवऱ्या आत घे गं. आज पोरं काय ठेवायची न्हाईत."

माझा हात थांबला. होळीसाठी पळवलेलं सरपण आमच्याकडं चोरी धरत नाहीत. दारातली खाट गेली तरी मालकानं हसायचं. आणि गावातली सगळ्यात मोठी, वाळून कडकडीत झालेली गंजी उघड्यावर! वणव्यापासनं वाचवलेलं गवत आम्ही होळीसाठी नीट रचून ठेवलं होतं.

पुरणाच्या हातानंच सरपंचांकडं पळाले. "भाऊजी, लिलाव आजच करा."

"आज? गडी माणसं तर गंगाखेडला बाजाराला गेलीत."

"बाया हायत की."

दवंडी फिरली. बाया आल्या, कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या पदरात बांधलेली चिल्लर. ग्रामसभेत कधी तोंड न उघडणाऱ्या, पण इथं बोलीवर बोली!

"तुझ्या म्हशीला एवढं लागतं का गं?" भीमनगरातली एकजण माझ्या जावेला म्हणाली.

"म्हशीला न्हाई, तुला हरवायला लागतंय!"

शेवटच्या पेंढ्या चक्क सासूबाईंनी घेतल्या. मी म्हणलं, "आत्याबाई, आपल्याकडं दोनच बैल हायत!"

"मेंबरची सासू हाय मी. गप बस."

दिवस कलायच्या आत गंजी डोक्यावरनं घरोघर पोचली. पोरं आली तर तिथं नुसतं भुस्कट. "आता आमी काय पेटवावं?" म्हणायला लागली.

धनगर बाबा तिथंच बसले होते. "मला इचारू नका बाबांनो. मी सोडलंय."

पत्र्यांपुरतं जमलं. पंधरा दिवसांत खोलीवर छप्पर चढलं आणि पाडव्याला कपाट बैलगाडीतून आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कामं उरकून मी कुलूप उघडून बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाटाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"एवढं समदं वाचणार तू? मग भाकरी?"

"टाकून आले की सकाळीच."

त्या आत आल्या, भिंतीला टेकल्या, पाय पसरले. "मग वाच एखादं मोठ्यानं. माझे बी पैसे लागलेत ह्यात."