रोहनच्या दाराची गिटार

तारा चढवून आठ दिवस झाले आणि गिटारचा नेक, म्हणजे दांडा, उखडला. मागच्या फळीचा जोडही उघडला.

भंडाऱ्यात मी गिटारी बनवतो. पाठीला आणि कडांना महोगनी लागते. लाल, गोड आवाजाचं लाकूड. ते आपल्याकडे कुठलं? म्हणून मी तिचे भाऊबंद शोधत फिरतो. आपल्या रानातला रोहन वृक्ष त्यातलाच. जरा जड, पण पातळ तासला की मस्त वाजतो.

या गिटारीचं रोहनचं लाकूड वासुदेवकाकांचं. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा घराचं दार तेवढं त्यांनी खोलून आणलं होतं. पुनर्वसनातल्या घराला लोखंडी दार, म्हणून हे वर्षानुवर्षं भिंतीला टेकून पडलेलं. नात गिटार शिकायला लागली. काका ते दार घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, पोरीच्या हातात तरी आपलं घर राहील.

मी फळीवर टकोरा मारला. त्यातून येणाऱ्या आवाजाला टॅप टोन म्हणतात. लाकूड खणखणीत वाजलं आणि मी हुरळलो. रंधा मारताना जळक्या ऑइलचा वास आला. म्हटलं, मशीनचा असेल. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! आमच्याकडे उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून पावसाळ्याआधी दारांना गाडीच्या इंजिनातलं जळकं ऑइल पाजतात. माझ्याही घरी पाजायचे. तेल मुरलेलं लाकूड ग्लू धरत नाही.

थिनरने पुसलं, पुन्हा चिकटवलं. चार दिवसांत तेल आतून वर आलं. तिसऱ्या खेपेला कड उभी चिरली. उरलेल्या फळ्याही तशाच तेलकट.

काकांना बोलावून सगळं खरं सांगितलं. लाज वाटत होती. ते तुकड्यांवरून हात फिरवत राहिले.

"तेल तं मीच लावत होतो, दरसाल," ते म्हणाले. "मले इचारलं काहून नाही?"

"चुकलो, काका. दुसऱ्या लाकडाची करून देतो."

"दुसऱ्या लाकडाची दुकानात भेटते."

त्यांनी एकूण एक तुकडा पोत्यात भरला. भुसा कुठे आहे, तेही विचारलं. तो मी कधीच चुलीत घातला होता.

आता कोणी जुनं लाकूड आणलं की मी आधी माणसाला बसवतो, चहा देतो, विचारपूस करतो. टकोरा त्यानंतर.