दारात थांबवलेले आबा

परवा दुपारी ताप चढला आणि आमचे आबा पुन्हा दारात येऊन उभे राहिले...

आबा म्हणजे माझे वडील. मी नव्वदीची, तेव्हा त्यांचं वय काढत बसू नका. नात टाईप करतेय आणि हसतेय, हसू दे तिला.

पहिल्यांदा असे आले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. लोणावळ्याजवळचं, मावळातलं आमचं गाव. दुसरं महायुद्ध चालू होतं, आबा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेलेले. मला हिवताप, आई भातकापणीला, आणि मी एकटीच घोंगडीत कुडकुडत पडलेले...

डोळे उघडले तर दारात आबा! अंगात खाकी कपडे, खांद्याला पिशवी, तोंडभर हसू. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण आमच्याकडे लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. वाटेतलं बरंवाईट बाहेरच राहावं म्हणून. मी मोठ्या बाईच्या तोऱ्यात म्हटलं, "आबा, थांबा तितंच." आणि चुलीकडं धावले.

तांब्या आणि तुकडा घेऊन आले, तर दारात कुणीच नाही... नुसतं ऊन.

आई आली तेव्हा मी उंबऱ्यात तशीच बसलेले. सगळं सांगितलं. वाटलं, तापात बरळतेय म्हणेल. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि एवढंच विचारलं, "आत आलं व्हतं का गं?"

"न्हाई. म्याच थांबीवलं."

"मंग येतील," म्हणाली. माझ्या हातातला तुकडा घेतला आणि दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला.

लढाई संपली. गावातले बाकीचे परत आले, आबा नाही आले. आई मात्र रोज भाकऱ्या झाल्या की आधी कोनाड्यातला तुकडा बदलायची... अगदी ती जाईपर्यंत. तो भास होता असं ती मला कधी म्हणाली नाही, आणि मीही तिला नाही.

परवा आले तेही तस्सेच, तरुण. माझ्या नातवापेक्षा लहान दिसत होते. या वेळी मी ना तांब्या शोधला, ना भाकरी. म्हटलं, "आबा, या. आधी आत या."

सून म्हणते, तुम्ही तापात बडबडत होता. असेल बाई...

पण आमच्या या फ्लॅटचं दार चांगलं उंच आहे. तरी आत येताना त्यांनी आमच्या जुन्या घरात वाकवायचे तशी मान वाकवली. खरं की भास, ते तुम्ही ठरवा. माझे आबा घरी आले.