झिपरीचा उपास

"मांडीचं हाड मोडलंय. प्लेट टाकावी लागेल," एक्स-रे उजेडाला धरत डॉक्टर म्हणाले, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "शेळीला?"

हो, शेळीलाच. आमची झिपरी. मोटारसायकलवाल्यानं उडवलं आणि मेला थांबलासुद्धा नाही.

गंगापूर रोडच्या पुढं आमचा भाजीचा मळा आहे. शेजारचे शहाणे म्हणाले, "खाटकाला देऊन टाका, कशाला नसता खटाटोप." म्हणणाऱ्याचं काय जातं! मामंजी गेल्यापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मन मोकळं करायच्या ते झिपरीपाशीच. माझ्याशी बोलायच्या ते आमटीत मीठ कमी पडलं की.

तुमच्या जनावरावर अशी वेळ आली तर ठाऊक असावं, म्हणून सांगते. भूल शिरेतून देतात. मानेच्या शिरेत सुई लावून ठेवायची आणि ऑपरेशन होईपर्यंत औषध थोडं थोडं सोडत राहायचं. याला इंट्राव्हेनस ॲनेस्थेशिया म्हणतात. औषध थांबवलं की जनावर हळूहळू जागं होतं. पण शेळी पडली रवंथ करणारी. भुलेत पोटातलं वर येतं, ते श्वासनळीत उतरलं की जिवावर बेततं.

"म्हणून आदल्या दिवसापासून कडक उपास," डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन मी आत्याबाईंना तसंच सांगितलं. चारा उचलला, गव्हाण झाडून काढली.

ऑपरेशनच्या दिवशी एकादशी होती. आत्याबाईंनी पहाटेच भगर शिजवली. आम्ही टेम्पो बघायला गेलो तेव्हा त्या झिपरीजवळ बसून तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

दवाखान्यात भूल चढली आणि घशात श्वासाची नळी घालायच्या आतच झिपरीच्या पोटातलं वर आलं. डॉक्टर धावत बाहेर आले. "काय खाऊ घातलंत हिला? पांढरे दाणे आहेत!"

मी घरी फोन लावला.

"दिली की थोडी भगर," आत्याबाई निवांत म्हणाल्या. "उपासाला चालती ना! शेंगदाण्याची आमटी नाय दिली हां, तिखट लागली असती."

मी फोन ठेवला आणि तिथल्या बाकावर बसून रडले.

डॉक्टरांनी घसा साफ केला, नळी घातली, ऑपरेशन पुरं केलं. झिपरी शुद्धीवर आली, तीन पायांवर उभीसुद्धा राहिली. पण घरी आणल्यावर ताप चढला, छाती घरघरायला लागली. ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे पोटातलं फुप्फुसात जाऊन झालेला न्यूमोनिया. इंजेक्शनं झाली. कोवळा मेथीघास पुढं धरला तरी ती तोंड फिरवायची. शेवटी आत्याबाईंच्या मांडीवर मान टाकून गेली.

डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. त्यांनी जिवाचं रान केलं. "पाय मात्र छान बसला होता हो," म्हणताना त्यांचाही आवाज बसला होता.

एवढंच सांगते, घरात जुनं माणूस असेल तर 'उपास' म्हणू नका. 'तोंडाला काहीच लावायचं नाही' म्हणा, आणि पुन्हा पुन्हा म्हणा.

आत्याबाईंना मी कारण सांगितलेलं नाही. झिपरीला बांधावर पुरून आलो, तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "एक बरं झालं गं. तिचा शेवटचा घास माझ्या हातचा झाला."

मी त्यांच्या शेजारी टेकले. म्हटलं, "हो आत्याबाई, तुमच्याच हातचा."