लाल डागाचं उत्तर

मी धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. पायाला भिंगरी लागलेला माणूस ग्रंथालयात टिकला कसा, असं घरचे विचारतात. मलाही ते कळलेलं नाही. दर बुधवारी दुपारी मी कॉलेजच्या दवाखान्यातल्या नर्सेसचा तास घेतो. कामात शंका आली तर खात्रीचं उत्तर कुठे शोधायचं, आपण करतो त्याला पुरावा आहे की ती नुसती सवय आहे, हे मोबाईलवर कसं पाहायचं ते दाखवतो. बायका दमून यायच्या, हजेरीची सही करायच्या आणि जांभया द्यायच्या. मी फळ्यासमोर येरझाऱ्या घालत प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणायचो. कोणी काही विचारायचं नाही आणि माझं डोकं फिरायचं.

मग एका बुधवारी हाडांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर उठल्या. निवृत्तीला आलेली, कमी बोलणारी बाई. त्यांच्या वॉर्डात सोनगीरकडचे एक आबा खुबा मोडून पडून होते आणि त्यांच्या माकडहाडावर लाल डाग उठला होता. अशा जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळायचं, हे त्या शिकल्या होत्या, आजवर करत आल्या होत्या, येणाऱ्या नातेवाइकांनाही शिकवत होत्या. नव्या मुली मात्र चोळू नका म्हणतात. यात खरं काय, एवढंच त्यांना हवं होतं.

मला आनंदानं काही सुचेना. तास संपताच संगणकापुढे बसलो आणि चहा यायच्या आत उत्तर सापडलं. लाल झालेली कातडी चोळू नये, ती आतून जास्त दुखावते. त्या जागेवरचा भार काढावा, माणसाची कूस बदलत राहावी. भरवशाच्या दोन-तीन ठिकाणी तेच होतं. सिस्टरांना सांगायला मी फोन उचलला, आणि परत ठेवला.

एवढी वर्षं वाट पाहून मिळालेला पहिला प्रश्न, त्याचं उत्तर असं दोन वाक्यांत उरकायचं? मला त्याचा सुरेख मराठी कागद करायचा होता, वॉर्डच्या भिंतीवर लागेल असा, खाली माझं नाव असलेला. गुरुवार शब्द घासण्यात गेला. शुक्रवारी चित्र टाकलं, ते आवडेना म्हणून काढलं. शनिवारी प्राचार्या मॅडम जळगावला बैठकीला गेल्या आणि त्यांची सही राहिली. रविवारी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. बायको म्हणाली, एका जागी बसा हो, नाहीतर बाहेर जाऊन या. सोमवारी सही झाली, लॅमिनेशन झालं. मंगळवारी सकाळी कागद काखेत मारून मी वॉर्डात गेलो.

आबांची बायको, जिला वॉर्डात सगळे अक्का म्हणायचे, पावडरचा डबा मांडीवर घेऊन खाटेशी बसली होती. मला डॉक्टर समजून तिनं गाऱ्हाणं मांडलं. "रोज चोळस मी, तरी बी वाढीच ऱ्हायनं."

सिस्टरांनी आबांना कुशीवर वळवलं. डाग फुटला होता. बोराएवढी जागा उघडी पडून ओली झाली होती. मी मान फिरवली.

त्यांनी कागद उभ्यानंच वाचला, शेवटपर्यंत. चांगला झालाय म्हणाल्या. मग विचारलं, "सर, हे तुम्हाला कधी सापडलं?"

"बुधवारीच," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

तुमचं उत्तर येईपर्यंत आधीचंच चालू ठेवलं होतं, एवढंच त्यांनी हळूच सांगितलं. मग अक्कांच्या मांडीवरचा डबा उचलून घेतला आणि आता चोळायचं नाही, फक्त कूस बदलायची, असं समजावलं. अक्का एकदा डब्याकडे, एकदा आबांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"मंग इतला दिन मी चोळं, ते चुकनं का?"

"तुम्हनं काही चुकनं नही, अक्का," सिस्टर म्हणाल्या. "मीच सांगेल व्हतं."

चूक माझी आहे, असं तेव्हा मी म्हणायला हवं होतं. एवढे दिवस एका जागी न बसलेला मी तिथे नुसता उभा राहिलो, आणि सिस्टरांना ती स्वतःवर घेऊ दिली.